आकड्यांचे योगायोग आणि घरचा हिशेब

सोलापूर ही गिरण्यांची नगरी. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्यांच्या भोंग्यांवर एकेकाळी या शहराचे घड्याळ चालत असे. भोंग्यांच्या बरोबरीने कष्टकरी वस्त्यांत आणखी एक वेळापत्रक रूढ झाले, ते म्हणजे ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ फुटण्याचे. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले. ते दुसरे वेळापत्रक मात्र टिकून राहिले आणि आता तर ते टपरीवरून मोबाईलच्या पडद्यावर जाऊन बसले आहे.

स्मरणिकेत अशा विषयावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमच्या निवासी शाळेत येणारी मुले यंत्रमागावर, विडी कारखान्यांत, बांधकामावर आणि ऊसतोडीवर राबणाऱ्या घरांतून येतात. सुट्टी लागते तेव्हा एखाद्या मुलाला न्यायला घरचे कुणी येत नाही. चौकशी केली तर कळते की एस.टी.च्या भाड्याचे पैसे आदल्या संध्याकाळी आकड्यावर गेले. मटका वाईट आहे हे त्या पालकास कुणी सांगावयाचे राहिलेले नाही, पत्नीने आणि आईने ते अनेकदा सांगितलेले असते. म्हणून उपदेशाची आणखी एक भर घालण्याऐवजी आम्ही एका वेगळ्या प्रश्नाकडे वळतो. घाम गाळून मिळवलेला पैसा एरवी जपून वापरणारा शहाणा माणूस आकड्यावर मात्र विश्वास का ठेवतो?

आमच्या मते याचे एक मोठे कारण योगायोगांत आहे. एकच जोडी महिन्यात दोनदा फुटते. स्वप्नात दिसलेला अंक दुसऱ्या दिवशी येतो. अशा घटना खऱ्याच घडतात, आणि त्या पाहिल्यावर ‘यामागे काही तरी चाल आहे, ती ओळखता येईल’ असे माणसास वाटू लागते. दहावीच्या ‘गणित भाग १’ मध्ये ‘संभाव्यता’ नावाचे प्रकरण आहे. तेवढ्याच गणिताच्या आधारे हे योगायोग तपासून पाहावयाचे, असा या पाठाचा हेतू आहे.

आकडा आला कोठून

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हास आरंभ मुळापासून करावासा वाटतो. हा जुगार कापसाच्या व्यापारातून जन्मला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात सकाळी उघडणारा आणि दिवसाअखेर बंद होणारा भाव तारेने मुंबईस येत असे आणि त्या भावांच्या आकड्यांवर पैज लागत असे. आजचे ‘ओपन’ व ‘क्लोज’ हे शब्द त्याच बाजाराचे. म्हणजे ज्या रुईवर आमच्या वाडवडिलांनी सूत कातले, तिच्याच भावाच्या आकड्यावर त्यांची मजुरी लागत होती.

१९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कचे भाव मिळणे थांबले. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःच आकडा काढण्यास प्रारंभ केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला निराळा मटका सुरू केला. शून्य ते नऊ अंकांच्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात घालून त्यांतून एक काढावयाची, यावरून ‘मटका’ हे नाव पडले. पुढे मडके गेले आणि पत्ते आले. भाव निदान बाजारातील देवघेवीतून ठरत होता. चिठ्ठीमागे वा पत्त्यामागे तेवढाही आधार नाही.

पत्तीचे गणित

तीन अंक काढतात, ती पत्ती. त्यांची बेरीज करून शेवटचा अंक घेतात, तो त्या वेळचा आकडा. ४, ६ आणि ९ आले तर बेरीज १९, आकडा ९. ओपनचा एक आणि क्लोजचा एक असे दोन आकडे मिळून ००पासून ९९पर्यंतची जोडी बनते.

पत्त्या एकूण २२०. तिन्ही अंक वेगळे अशा १२०, दोन अंक सारखे अशा ९० आणि तिन्ही सारखे अशा १०. कोणताही आकडा घ्या, त्याच्या वाट्याला बरोबर २२ पत्त्या येतात, १२ सिंगल, ९ डबल आणि १ ट्रिपल. हा नेटकेपणा पाहून खेळणाऱ्यास त्यात काही गूढ असल्याचा भास होतो. वास्तविक ही केवळ मोजणी आहे आणि ती आपल्याकडे फार जुनी आहे. सोलापूरच्या आग्नेयेस, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी होती. तेथील अमोघवर्ष राजाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात दिलेल्या वस्तूंमधून काही वस्तू किती प्रकारांनी निवडता येतील याचा सर्वसाधारण नियम सांगितला. दहा अंकांतून तीन वेगळे अंक निवडण्याचे १२० प्रकार त्याच नियमाने निघतात. युरोपात जुगाराच्या प्रश्नांवरून पास्कल आणि फर्मा यांनी परस्परांस पत्रे लिहून संभाव्यतेचा पाया घातला, तो त्यानंतर आठ शतकांनी, १६५४ साली.

आता ‘ट्रिपल पत्ती’ पाहू. तीन अंक एकामागून एक काढले तर ०००पासून ९९९पर्यंत एक हजार निकाल संभवतात. हे सारे निकाल सारख्याच शक्यतेचे धरू. त्यांपैकी दहा निकाल तिन्ही सारख्या अंकांचे आहेत. म्हणजे शंभर वेळा पत्ती काढली तर सरासरीने एकदा ट्रिपल येणार. ओपन आणि क्लोज मिळून दिवसाला दोन पत्त्या धरल्या तर पन्नास दिवसांत सरासरी एकदा. ७७७ आल्यावर चौकात जी कुजबुज होते, तिचे कारण इतकेच साधे आहे.

जन्मवाराचा प्रयोग

आता योगायोगाच्या गाभ्याकडे येऊ. आमच्या शुक्रवार पेठेप्रमाणे या शहरात वारांच्या नावांच्या इतरही पेठा आहेत, म्हणून उदाहरण वारांचेच घेऊ. अनोळखी चार माणसे एकत्र बसली आहेत. त्यांपैकी कोणत्याही दोघांचा जन्मवार एकच असण्याची शक्यता किती? वार सात आणि माणसे चार, तेव्हा बहुतेक जण ‘कमीच’ असे उत्तर देतील.

हिशेब उलट बाजूने करावा. चौघांचेही वार वेगवेगळे असण्याची शक्यता काढू. पहिल्याचा वार कोणताही असो. दुसऱ्याचा त्याहून वेगळा असण्याची शक्यता सातांत सहा. तिसऱ्याचा त्या दोघांहून वेगळा असण्याची सातांत पाच. चौथ्याची सातांत चार. यांचा गुणाकार ३४३ पैकी १२०, म्हणजे सुमारे ३५ टक्के. तेव्हा निदान दोघांचा वार जुळण्याची शक्यता ६५ टक्के झाली. चार माणसांत योगायोग घडणे हे न घडण्यापेक्षा अधिक संभवनीय आहे.

आपला अंदाज चुकतो, कारण आपण नकळत ‘माझा वार कुणाशी जुळेल’ असा विचार करतो. चौघांत मात्र सहा तुलना होतात. पहिल्याची तिघांशी, दुसऱ्याची उरलेल्या दोघांशी आणि तिसऱ्याची चौथ्याशी. सहांपैकी कोणतीही एक जुळली तरी योगायोग घडला.

हाच हिशेब जोडीला लावू. जोड्या शंभर. पंचवीस दिवसांचे निकाल समोर लिहून ठेवले. दुसऱ्या दिवसाची जोडी पहिल्याहून वेगळी असण्याची शक्यता शंभरांत ९९, तिसऱ्या दिवशी ९८, असे करीत पंचविसाव्या दिवशी ७६. या सर्वांचा गुणाकार जेमतेम ४ टक्के भरतो. म्हणजे पंचवीस दिवसांत एखादी तरी जोडी पुन्हा येण्याची शक्यता ९६ टक्के आहे. तेराच दिवस घेतले तरी ती ५५ टक्क्यांवर जाते. कारण तेच. पंचवीस दिवसांत दिवसादिवसांच्या ३०० तुलना होतात.

‘याच महिन्यात ३८ दोनदा फुटली, काही तरी आहे’ असे जो म्हणतो, त्याने पाहिलेली घटना खरी आहे. मात्र जवळजवळ प्रत्येक महिन्यात कोणती ना कोणती जोडी दोनदा येणारच. एखाद्या महिन्यात एकही जोडी पुन्हा आली नाही, तर नवल त्याचे वाटावयास हवे.

‘एखादी’ आणि ‘माझी’

या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भेद आता येतो. ‘एखादी’ जोडी पुन्हा येण्याची शक्यता ९६ टक्के. पण आधी ठरवून ठेवलेली ‘माझी’ जोडी पंचवीस दिवसांत एकदा तरी येण्याची शक्यता केवळ २२ टक्के. दोन्ही प्रश्न वरवर सारखे दिसतात, उत्तरांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. निकाल लागल्यानंतर तक्त्यावर बोट ठेवून योगायोग दाखवणे सोपे असते. पैसे मात्र निकालाच्या आधी लावावे लागतात. तक्त्यातील योगायोग ‘एखादी’च्या हिशेबाने दिसतो आणि खिसा ‘माझी’च्या हिशेबाने रिकामा होतो.

मोठ्या लॉटऱ्यांतही असेच घडते. जर्मनीत ४९ अंकांतून सहा अंक काढण्याची सोडत आहे. सहा अंकांचे १ कोटी ३९ लाख ८३ हजार ८१६ संच संभवतात. २० डिसेंबर १९८६ रोजी १५, २५, २७, ३०, ४२, ४८ हा संच निघाला होता. २१ जून १९९५ रोजी नेमका तोच संच पुन्हा निघाला आणि लोक थक्क झाले. परंतु ती ३,०१६वी सोडत होती. इतक्या सोडतींमध्ये परस्पर तुलना ४५ लाखांहून अधिक होतात, आणि तोवर कोणता तरी संच दोनदा आलेला असण्याची शक्यता सुमारे २८ टक्के निघते. पावसाळ्यात चार दिवसांपैकी एखादा दिवस कोरडा जावा, इतकीच ती साधी गोष्ट होती.

‘बाकी’ असलेला अंक

तक्ते लिहिणाऱ्यांचा दुसरा समज असा की, जो अंक बरेच दिवस आला नाही तो आता येणे बाकी आहे. ‘वीस दिवस सात नाही, आता सात येणारच’ म्हणून सातावर रक्कम वाढवीत नेतात आणि कर्जाचा डोंगर बहुधा याच वाटेने चढला जातो.

वीस वेळा आकडा काढला असता दहांपैकी निदान एखादा अंक एकदाही न येण्याची शक्यता ७८ टक्के आहे. म्हणजे कोणता ना कोणता अंक ‘बाकी’ असणे हीच नेहमीची स्थिती होय. आणि तो बाकी असला तरी एकविसाव्या वेळी त्याची शक्यता दहांत एक इतकीच राहते. चिठ्ठीला स्मरणशक्ती नसते. काल आपण निघालो नव्हतो, हे तिला ठाऊक नसते. स्मरण आणि आशा दोन्ही खेळणाऱ्याजवळ असतात आणि तो त्या चिठ्ठीवर लादतो.

बाबांचा आकडा

अंधश्रद्धेचा धंदा येथे कसा शिरतो, तेही पाहू. समजा, शहरात एक हजार माणसांनी आपापल्या स्वप्नावरून, बसच्या क्रमांकावरून किंवा नातवाच्या वाढदिवसावरून एकेक जोडी लावली. त्यांपैकी सरासरी दहांची जोडी लागेल. हे दहा जण पेढे वाटतील आणि स्वप्नाची कथा वर्षभर सांगतील. उरलेले ९९० गप्प राहतील, कारण हरल्याची कथा कुणी सांगत नाही. वस्तीच्या कानावर फक्त दहा कथा येतात आणि त्या दहाही खऱ्या असतात.

आकडा सांगणाऱ्या बाबांचे कसबही असेच. हजार भक्तांचे शंभर-शंभरांचे दहा गट करावेत आणि प्रत्येक गटास निराळा अंक सांगावा. एका गटाचा अंक येणारच. त्या शंभरांचे दुसऱ्या दिवशी दहा गट, उरलेल्या दहांना तिसऱ्या दिवशी एकेक अंक. तीन दिवसांनी एक माणूस असा उरतो की ज्यास बाबांचा शब्द तीनदा ओळीने खरा ठरलेला ‘अनुभव’ आहे. चौथ्या दिवशी तो बायकोचे मंगळसूत्र गहाण ठेवावयासही मागेपुढे पाहणार नाही. आज हेच काम मोबाईलवरील ‘पक्का आकडा’ देणारे गट करतात. त्यांना भगव्या वस्त्राचीही गरज उरलेली नाही.

स्वतः अनुभवले म्हणून ते खरे, असे म्हणणाऱ्यास आमचे एवढेच विचारणे आहे की, त्याच बाबांनी इतर नऊशे नव्याण्णव जणांस काय सांगितले होते? तथागतांनी कालाम लोकांस ऐकीव गोष्टींवर आणि सांगणाऱ्याच्या थोरवीवर विसंबू नये, असे सांगितले. त्या उपदेशाचा रोजच्या व्यवहारातील अर्थ हाच की, मोजणी पूर्ण झाल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

एकास नऊ

समजा, कुठलीही लबाडी होत नाही आणि आकडा प्रामाणिकपणे काढला जातो. तरीही हिशेब काय सांगतो? रूढ दर एकास नऊ आणि जोडीस एकास नव्वद असा आहे. आकड्याची शक्यता दहांत एक, मिळकत नऊपट. जोडीची शक्यता शंभरांत एक, मिळकत नव्वदपट. दहा रुपयांप्रमाणे हजार वेळा आकडा लावला तर दहा हजार रुपये गेले. सरासरी शंभर वेळा आकडा लागून नऊ हजार परत आले. एक हजार रुपये चालवणाऱ्याकडे राहिले. शंभरामागे दहा.

शंभरामागे दहा म्हणजे फार नव्हे, असे कुणास वाटेल. पण जिंकलेला पैसा घरी येत नाही, तो पुन्हा लागतो. हजार रुपयांची रक्कम सात वेळा पूर्ण फिरली की सरासरी ४७८ रुपये उरतात. निम्म्याहून अधिक रक्कम गेली आणि कुणी चोरी केली नाही की कुणी फसवले नाही. हिशेबच तसा मांडलेला आहे. एखादा मोठा लाभ दिसतो तो त्या एका माणसास. पेठेचा म्हणून एकत्र हिशेब केला तर पेठ दररोज हरतेच.

कायदा आणि संविधान

मटक्यास आळा बसावा हाही हेतू धरून १९६९ साली महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. पुढे १९९८ च्या केंद्रीय लॉटरी नियमन कायद्याने आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर किंवा एकाच अंकावर बक्षीस ठेवण्यास मनाई केली. एका अंकाचा खेळ झटपट चटक लावतो, हे त्या तरतुदीमागचे शहाणपण उघड आहे. तथापि संभाव्यतेचा नियम सरकारी तिकिटासही तोच लागू होतो, हे विसरून चालणार नाही.

या संदर्भात संविधान सभेतील एका चर्चेचे स्मरण उपयुक्त ठरेल. १९४९ साली राज्यांच्या अधिकारांच्या सूचीतील ‘पैजा व जुगार’ ही नोंद चर्चेस आली, तेव्हा असा विषय संविधानात असूच नये, ती नोंद गाळावी, असा आग्रह काही सदस्यांनी धरला. बाबासाहेबांनी उत्तर दिले त्याचा आशय असा, की नोंद गाळल्याने जुगार नाहीसा होणार नाही, उलट त्यावर कुणाचेच नियंत्रण उरणार नाही. नोंद असेल तर राज्यास त्यावर बंदीही घालता येईल. आज ती राज्य सूचीतील ३४वी नोंद आहे. नाव घेणे टाळून वाईट गोष्ट संपत नाही, तिला समोर मांडून तिचे नियमन करावे लागते, ही त्यांची दृष्टी घरासाठीही तितकीच खरी आहे. ज्या घरात आकड्याचा विषय निघूच दिला जात नाही, तेथे तो थांबत नाही, फक्त लपतो.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी तरुण गृहस्थास जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. धनहानी हा त्यांपैकी केवळ एक. जिंकणाऱ्याच्या वाट्यास वैर येते, हरणारा गेलेल्या धनाचा शोक करतो, सभेत त्याचा शब्द चालत नाही, मित्र त्यास मान देत नाहीत आणि सोयरीक करावयास कुणी धजत नाही. गणित धनहानी मोजू शकते. उरलेले पाच तोटे मोजण्यास आकडे अपुरे आहेत, ते मुलांच्या चेहऱ्यांवर वाचावे लागतात.

घरी करावयाचा पाठ

आमच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना दोन कामे सुचवतो. पहिले मुलांसोबत करावयाचे. शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या डब्यात घालाव्यात. दोनदा चिठ्ठी काढून, प्रत्येक वेळी ती परत टाकून, जोडी लिहावी. अशा पंचवीस जोड्या लिहिल्यावर कोणती जोडी पुन्हा आली ते पाहावे. बहुतेक वेळा एक तरी येईलच, आणि ती आणण्यास कोणताही बाबा लागणार नाही.

दुसरे काम मोठ्यांचे आहे आणि अधिक कठीण आहे. शंभर पानी वही घ्यावी, उभी रेघ मारावी, डाव्या बाजूस लावलेली रक्कम आणि उजव्या बाजूस आलेली रक्कम तारखेसह लिहावी. एकही दिवस वगळू नये, जिंकलेला नाही आणि हरलेला तर मुळीच नाही. तीन महिन्यांनी बेरीज करावी. बेरीज जमत नसेल तर संकोच न करता वही आमच्या पालक सभेस आणावी. ती करून देण्यास आमची नववी-दहावीची मुले पुरेशी हुशार आहेत, आणि आपल्या वडिलांच्या वहीतील बेरीज ती अतिशय काळजीपूर्वक करतील.